तराजूत बसलेला वैद्य

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतल्या पादुआ विद्यापीठात वैद्यक शिकवणारे एक प्राध्यापक जेवायला बसत, तेव्हा त्यांची खुर्ची जमिनीवर टेकलेली नसे. ती वरून टांगलेली असे. जुन्या वखारीत किंवा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात दांडीवर वजन पुढे-मागे सरकवून पोती तोलली जात, तशाच एका काट्याच्या एका टोकाला ही खुर्ची लटकवलेली होती. ठरवलेल्या वजनाइतके अन्नपाणी पोटात गेले, की खुर्ची किंचित खाली येई. जेवण थांबवायची ती खूण. या प्राध्यापकांचे नाव सान्तोरिओ सान्तोरिओ. लॅटिन ग्रंथांत ते सँक्टोरियस या नावाने ओळखले जातात.

आज अनेकांच्या घरी न्हाणीघराबाहेर किंवा पलंगाखाली काचेचा वजनकाटा असतो. त्यावर अनवाणी उभे राहिले की मोबाइलवर वजनाबरोबर चरबी, स्नायू, पाणी यांचे आकडे झळकतात. रोज सकाळी स्वतःला तोलायचे, आकडे साठवायचे आणि त्यावरून आपली तब्येत ओळखायची, ही कल्पना पद्धतशीरपणे अमलात आणणारे पहिले वैद्य सान्तोरिओ. त्यांचे आकडे बऱ्याच अंशी बरोबर होते, पण त्या आकड्यांचा त्यांनी लावलेला अर्थ मात्र पुरता बरोबर नव्हता. म्हणूनच त्यांचे चरित्र आजही उपयोगी पडते.

व्हेनिसच्या छायेत

सान्तोरिओंचा जन्म 29 मार्च 1561 रोजी कापोदिस्त्रिया या समुद्रकाठच्या गावी झाला. हे गाव आज कोपर या नावाने स्लोव्हेनियात आहे. त्या वेळी ते व्हेनिसच्या प्रजासत्ताकाच्या ताब्यात होते. वडील व्हेनिसच्या सरकारी सेवेत दारूगोळ्याच्या खात्यात अधिकारी होते आणि आई गावातल्याच प्रतिष्ठित घराण्यातली होती. थोरल्या मुलाला आडनावच पुन्हा नाव म्हणून द्यायची पद्धत त्या भागात होती. गॅलिलिओ गॅलिली या नावातही ती दिसते. तशीच सान्तोरिओ सान्तोरिओ ही जोडी तयार झाली.

मुलगा हुशार निघाला. व्हेनिसमधल्या मोरोसिनी या वजनदार घराण्याच्या आश्रयाने त्याचे पुढचे शिक्षण झाले. चौदाव्या वर्षी तो पादुआला गेला आणि 1582 मध्ये, एकविसाव्या वर्षी, वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडला. काही वर्षे बाहेर वैद्यकी केल्यावर शतकाच्या अखेरीस सान्तोरिओंनी व्हेनिसमध्ये दवाखाना थाटला.

त्या वेळचे व्हेनिस म्हणजे व्यापार, छापखाने आणि वादविवाद यांनी गजबजलेले शहर. गॅलिलिओ 1592 ते 1610 या काळात पादुआत गणित शिकवत होते. धर्मशास्त्र आणि विज्ञान या दोन्हींत गती असलेले पाओलो सार्पी व्हेनिसमध्ये होते. या मंडळींच्या वर्तुळात सान्तोरिओही होते. निसर्ग समजून घ्यायचा तर मोजमाप करायला हवे, हा विचार त्या वर्तुळात रुजत होता. तो रुग्णाच्या खाटेपर्यंत नेला सान्तोरिओंनी.

नाडी किती, ताप किती

त्या काळचा वैद्य नाडी पाहायचा, पण ती मोजत नसे. सेकंदकाटा असलेली घड्याळे नव्हती. नाडी जलद आहे, मंद आहे, उड्या मारते आहे असे वर्णन तो करी. हे वर्णन त्याच्या बोटांवर आणि अनुभवावर अवलंबून असे. कालची नाडी आणि आजची नाडी यांत नेमका फरक किती, हे दुसऱ्या वैद्याला सांगायची सोय नव्हती.

सान्तोरिओंनी एक दोरी घेतली आणि तिच्या टोकाला शिशाचा गोळा बांधला. दोरी आखूड केली की गोळ्याचे हेलकावे जलद होतात, लांब केली की संथ. रुग्णाच्या नाडीशी हेलकावे जुळेपर्यंत दोरीची लांबी बदलायची आणि लांबीचा आकडा टिपून ठेवायचा. उद्या पुन्हा तसेच करायचे. या उपकरणाला त्यांनी पल्सिलोजियम असे नाव दिले. वैद्यकातल्या चुका कशा टाळाव्यात याविषयीचा त्यांचा पहिला मोठा ग्रंथ 1602-03 च्या सुमारास प्रसिद्ध झाला. त्यात या उपकरणाचा उल्लेख आहे.

तापाचेही तसेच. काचेची नळी, तिच्या वरच्या टोकाला फुगा आणि खालचे टोक पाण्यात, असे उष्णता दाखवणारे साधन त्या वर्तुळात माहीत होते. सान्तोरिओंनी त्याला अंशांच्या खुणा जोडल्या आणि फुगा रुग्णाच्या तोंडात धरायला दिला. आतली हवा तापून पसरली की नळीतले पाणी खाली जाई. किती खुणा खाली गेले, त्यावरून ताप ठरे. हवेच्या दाबाचाही त्यावर परिणाम होत असल्याने हे साधन आजच्या थर्मामीटरइतके भरवशाचे नव्हते. तरी ताप आकड्यात सांगता येतो, हे त्यातून प्रथमच दिसले. 1612 मध्ये छापलेल्या त्यांच्या ग्रंथात त्याची नोंद आहे.

या दोन्ही साधनांमागे एकच विचार होता. माणसामाणसांत फरक असतो, म्हणून रुग्णाची तुलना दुसऱ्या कोणाशी न करता त्याच्याच निरोगी अवस्थेशी करायची. आज आपला आकडा कालच्या आपल्याच आकड्यापासून किती सरकला, हे पाहायचे. ही दृष्टी त्या काळाच्या बरीच पुढे होती.

खाल्लेले जाते कुठे?

1611 साली पादुआ विद्यापीठाने सान्तोरिओंना वैद्यकाच्या सिद्धान्त विषयाचे प्राध्यापक नेमले. तोवर त्यांचा सर्वांत मोठा प्रयोग कित्येक वर्षे चालू होता.

प्रश्न साधा होता. माणूस रोज इतके खातो-पितो, मग त्याचे वजन रोज तितके वाढत का नाही? मलमूत्रावाटे बाहेर पडते, हे उत्तर सगळ्यांना ठाऊक होते. पण सगळेच त्या वाटेने जाते का? ग्रीक वैद्य गॅलेन यांनी दीड हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते, की शरीरातून डोळ्यांना न दिसणारे काहीतरी सतत बाहेर पडत असते. या अदृश्य घामावर सगळ्यांचा विश्वास होता. तो तोलून पाहावा, असे मात्र कोणी मनावर घेतले नव्हते. पंधराव्या शतकात निकोलस ऑफ क्यूसा या विद्वानाने रक्त आणि लघवी तोलून रोग ओळखण्याची कल्पना मांडली होती, पण ती कागदावरच राहिली.

सान्तोरिओंनी खुर्ची टांगली. अन्न तोलले, पाणी आणि वाइन तोलली, मलमूत्र तोलले आणि स्वतःला तोलले. जेवणाआधी, जेवणानंतर, झोपण्यापूर्वी, झोपेतून उठल्यावर, व्यायामानंतर, उपवासात, थंडीत आणि उन्हाळ्यात. हा क्रम त्यांनी सुमारे तीस वर्षे चालवला असे सांगितले जाते.

1614 मध्ये व्हेनिसला त्यांचे छोटेसे पुस्तक प्रसिद्ध झाले, ‘दे स्टॅटिका मेडिसिना’. स्टॅटिका म्हणजे तोलण्याची विद्या. पुस्तक सूत्ररूपाने लिहिलेले आहे. अदृश्य घामाचे वजन, हवा आणि पाणी, खाणेपिणे, झोप आणि जागरण, व्यायाम आणि विश्रांती, कामजीवन, मनाचे विकार अशा सात प्रकरणांत ते विभागलेले आहे. त्यातला सर्वाधिक गाजलेला निष्कर्ष असा, की दिवसभरात माणसाने आठ पौंड अन्नपाणी घेतले तर त्यातले सुमारे पाच पौंड अदृश्य घामावाटे निघून जाते. म्हणजे आपल्याला दिसते त्याहून अधिक शरीर न दिसता टाकून देते.

दुसऱ्या वर्षी सान्तोरिओंनी हे पुस्तक गॅलिलिओंकडे पाठवले. त्याच वर्षी त्यांच्यावर टीकाही झाली. फेरारा शहरातले वैद्य आणि ज्योतिषी इप्पोलितो ओबित्सी यांनी या तोलण्याच्या विद्येवर हल्ला चढवणारे पुस्तक लिहिले. सान्तोरिओंनी पुढच्या आवृत्तीत आक्षेपांना उत्तरे दिली. टीकेतला एक मुद्दा मात्र इतिहासकार आजही मांडतात. सान्तोरिओंनी निष्कर्ष दिले, पण रोजच्या नोंदींचे तक्ते कुठेच छापले नाहीत. 1614 च्या पुस्तकात खुर्चीचे चित्रही नव्हते. ते 1625 मध्ये, अरबी वैद्यकातील इब्न सिना यांच्या ग्रंथावरील भाष्यात आले. टांगलेल्या खुर्चीत टेबलापाशी बसलेल्या गृहस्थाचे ते चित्र पुढे युरोपभर पोहोचले. आपल्या सर्व उपकरणांवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिण्याचे त्यांनी जाहीर केले होते, पण तो कधी निघाला नाही.

1624 मध्ये त्यांनी पादुआची खुर्ची सोडली आणि ते व्हेनिसला परतले. त्यांनी लग्न केले नव्हते. उरलेली वर्षे वैद्यकी आणि लेखनात गेली. फेब्रुवारी 1636 मध्ये, पंचाहत्तरी गाठण्याच्या महिनाभर आधी, त्यांचे व्हेनिसमध्ये निधन झाले.

आकडा खरा, अर्थ अपुरा

सान्तोरिओंच्या पुस्तकाच्या पुढची शंभर-दीडशे वर्षे आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या, युरोपातल्या अनेक भाषांत अनुवाद झाले. इंग्लंडमध्ये आणि अटलांटिकपलीकडे अमेरिकेतही वैद्य स्वतःला तोलू लागले. दक्षिण कॅरोलायनातले जॉन लायनिंग यांनी 1740 पासून वर्षभर स्वतःचे खाणेपिणे, मलमूत्र आणि वजन यांच्या नोंदी ठेवल्या आणि त्या ऋतूंशी ताडून पाहिल्या.

सान्तोरिओंची समजूत अशी, की हा अदृश्य घाम नीट वाहिला की माणूस निरोगी आणि तुंबला की आजारी. म्हणून आरोग्य राखायचे तर वजनावर नजर ठेवून तो वाहता ठेवायचा. इथेच त्यांचा पाय घसरला. वजन कमी झाले एवढे तराजू सांगत होता. काय कमी झाले, कुठून कमी झाले आणि त्याचा आजाराशी काय संबंध, हे तराजूला ठाऊक नव्हते. ते सान्तोरिओंनी गॅलेनच्या जुन्या सिद्धान्तातून भरून काढले.

उत्तराचा मोठा भाग पावणेदोनशे वर्षांनी फ्रान्समध्ये सापडला. श्वासोच्छ्वास म्हणजे एक प्रकारचे मंद ज्वलन आहे, हे आंत्वान लाव्हाझिए यांनी दाखवले. त्यांनी आणि आर्मां सेगँ यांनी 1790 च्या सुमारास त्वचेवाटे किती बाहेर पडते आणि फुफ्फुसांवाटे किती, हे वेगळे करून मोजले. आज माहीत आहे, की प्रौढ माणसाच्या त्वचेतून आणि श्वासातून घाम न येताही दिवसाला साधारण 800 मिलिलिटर पाणी जाते. त्याखेरीज श्वासावाटे कार्बन डायऑक्साइडच्या रूपात कार्बनही जातो. वजन कमी करणाऱ्या माणसाची चरबी शेवटी जाते कुठे, याचे उत्तरही इथेच आहे. 10 किलो चरबी शरीरात पूर्ण जळली तर तिच्यापासून सुमारे 8.4 किलो वस्तुमान कार्बन डायऑक्साइड होऊन उच्छ्वासावाटे बाहेर पडते आणि उरलेले 1.6 किलो पाणी होते. न दिसता बरेच काही निघून जाते हे सान्तोरिओंचे म्हणणे खरे होते. मात्र त्यात फुफ्फुसांचा वाटा किती मोठा आहे, हे त्यांना वेगळे मोजता आले नाही.

चरबी तोलायची कशी?

काय कमी झाले, हा तराजूला न सुटलेला प्रश्न विसाव्या शतकात पुन्हा पुढे आला. अमेरिकी नौदलातले डॉक्टर अल्बर्ट बेंके यांनी 1942 मध्ये 25 व्यावसायिक फुटबॉलपटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. वजन-उंचीच्या तेव्हाच्या निकषानुसार त्यांपैकी 17 जण लष्करासाठी अपात्र ठरत होते, कारण त्यांचे वजन जास्त होते. बेंके यांनी त्यांना हवेत आणि पाण्याखाली असे दोनदा तोलले. चरबी पाण्यापेक्षा हलकी आणि स्नायू-हाडे पाण्यापेक्षा जड, त्यामुळे दोन वजनांतल्या फरकावरून शरीराची घनता आणि तिच्यावरून चरबीचे प्रमाण काढता येते. निष्कर्ष असा, की जाड ठरवलेल्यांपैकी बहुतेकांच्या अंगावर चरबी कमीच होती. वजन होते ते स्नायूंचे.

घरातला स्मार्ट काटा हेच काम सोप्या, पण कमी नेमक्या रीतीने करतो. त्यावरच्या धातूच्या पट्ट्यांतून अतिशय क्षीण विद्युतप्रवाह एका पायातून शिरतो आणि दुसऱ्या पायातून बाहेर येतो. स्नायूंत पाणी आणि क्षार भरपूर, त्यामुळे प्रवाह सहज वाहतो. चरबीत पाणी कमी, म्हणून अडतो. काटा प्रत्यक्ष मोजतो ते दोनच आकडे, वजन आणि हा अडथळा. चरबी, स्नायू, हाडे यांचे जे आकडे मोबाइलवर दिसतात, ते उंची, वय आणि लिंग घालून सूत्राने काढलेले अंदाज असतात.

म्हणजे सान्तोरिओंच्या खुर्चीची मर्यादा इथेही आहे. अंगातले पाणी बदलले की अडथळा बदलतो, आणि काट्याला ती चरबी वाटते. घाम गाळून आलेल्या माणसाची चरबी वाढलेली दिसू शकते आणि भरपूर पाणी प्यायलेल्याची कमी झालेली. पाय ओले असले, नुकते जेवण झाले असले, मासिक पाळीच्या आधी अंगात पाणी साठले असले, तरी आकडा हलतो. शिवाय प्रवाह मुख्यतः पायांतून आणि ओटीपोटाच्या खालच्या भागातून जातो. आरोग्याला अधिक घातक असलेली पोटाच्या आतली चरबी त्याला नीट दिसत नाही.

सूत्र कोणत्या लोकांवरून बांधले, हाही प्रश्न आहेच. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स 22.3, अगदी सारखा. डेक्सा स्कॅनने मोजलेली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. भारतीय माणूस दिसायला सडपातळ असूनही आतून चरबीयुक्त असू शकतो, हे त्या दोन आकड्यांनी जगाला सांगितले. दुसऱ्या देशातल्या लोकांवरून बांधलेले सूत्र अशा शरीराबाबत चुकू शकते.

मग काटा कशासाठी?

काटा निरुपयोगी नाही. सान्तोरिओंनी नाडीसाठी जो नियम पाळला, तोच इथे पाळायचा. आपली तुलना आपल्याशीच करायची. रोज सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच काट्यावर, कोरड्या पायांनी उभे राहायचे. काटा गालिच्यावर न ठेवता सपाट फरशीवर ठेवायचा. रोजच्या आकड्याकडे फारसे लक्ष न देता आठवड्याची सरासरी काढायची आणि ती महिन्या-दोन महिन्यांत कुठे चालली आहे ते पाहायचे.

रात्रीपेक्षा सकाळी वजन काहीशे ग्रॅमने कमी भरले तर ते सान्तोरिओंनी तोललेले तेच पाणी असते. लग्नाच्या पंगतीनंतर दीड किलो वाढले, तर तीही रात्रीत चढलेली चरबी नसते. मिठाने धरून ठेवलेले पाणी, स्नायू-यकृतात साठलेली साखर, तिच्यासोबत बांधले गेलेले पाणी आणि आतड्यातले अन्न यांचे ते वजन असते. हे माहीत नसल्यामुळे कित्येक जण दुसऱ्या दिवशी उपाशी राहतात किंवा चांगला चाललेला व्यायाम सोडून देतात. पोटाचा घेर सांगायला मात्र साधी मोजपट्टीच लागते. काट्याच्या जोडीला तीही महिन्यातून एकदा वापरावी.

काही लोकांसाठी काटा खरोखर जीव वाचवू शकतो. हृदय कमजोर झालेल्या रुग्णाचे वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोने वाढले, तर अंगात पाणी साठते आहे अशी ती सूचना असू शकते. पायांवर सूज दिसण्याआधी किंवा धाप लागण्याआधीही ती मिळते. अशा वेळी वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. याउलट, प्रयत्न न करता महिन्यामागून महिना वजन उतरत असेल, तर आनंद न मानता तपासणी करून घ्यावी. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेले दुसरे विद्युत उपकरण असलेल्यांनी आणि गर्भवतींनी विद्युतप्रवाह सोडणारा काटा वापरू नये. त्यांना साधा वजनकाटा पुरतो. मूत्रपिंडाच्या आजाराने किंवा अन्य कारणाने अंगावर सूज असेल, तर चरबीच्या टक्केवारीवर विसंबू नये.

सान्तोरिओंच्या खुर्चीवर चरबीचा आकडा दिसत नव्हता आणि नोंदी ठेवणारा मोबाइलही नव्हता. वर्षानुवर्षे न कंटाळता तोलत राहण्याची चिकाटी मात्र होती. वैद्यकात आकड्याला मान मिळाला तो त्या चिकाटीमुळे. तराजूने न सांगितलेले त्याच्या तोंडी घातल्याने त्यांची चूक झाली, आणि तीच चूक आज घरोघरी रोज सकाळी होऊ शकते.